वीतभर चौकोनातलं मोकळं रान

गेल्या दिवाळीत मावशी आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती. मी टेबलावर छायाचित्रांचं एक पुस्तक उघडून बसलो होतो. ती चहा ठेवायला आली, पानाकडे बघितलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा बघितलं. "यात बघायचं काय रे? सगळं पांढरंच तर आहे."

सगळं पांढरं नव्हतं. बर्फाने झाकलेला एक उतार होता आणि त्याच्यावरून वळणं घेत गेलेली कुंपणाच्या खुंटांची एक रांग. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, तेही पटकन कळत नाही. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर, तेशिकागा नावाच्या गावी, मायकेल केन्ना या छायाचित्रकाराने 2002 साली काढलेलं हे चित्र. मावशीला मी "शांत वाटतं ना बघायला?" एवढंच म्हणालो आणि ती "हो, वाटतं खरं" म्हणून आत गेली. पण तिचा प्रश्न रास्त होता. अशा चित्रात बघायचं काय, आणि ते बघायचं कसं?

केन्नाची ओळख आधी थोडक्यात करून देतो. जन्म 1953 चा, इंग्लंडच्या वायव्येला लिव्हरपूलजवळ विडनेस नावाचं कारखान्यांचं गाव आहे, तिथला. कुटुंब कामगाराचं, मूळचं आयरिश, कॅथलिक. सहा भावंडांतला हा एक. पाद्री व्हायचं म्हणून लहानपणीच धार्मिक शाळेत दाखल झाला आणि सुमारे सात वर्षं तिथे राहिला. पाद्री झाला नाही. आधी बॅनबरीला कला शिकला, मग लंडनला छायाचित्रण, आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तेव्हापासून गेली पन्नासेक वर्षं तो प्रामुख्याने निसर्गदृश्यं टिपतो आहे. चित्रं कृष्णधवल, फिल्मवरची, आकार बहुतेक चौकोनी. त्यांत माणूस जवळजवळ नसतोच. माणसाच्या खुणा मात्र असतात: कुंपण, धक्का, बाक, चिमणी, पाण्यात उभं केलेलं तोरणद्वार.

अशा कामाला मिनिमलिझम म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर कमीत कमी ऐवजात चित्र उभं करणं. पण "कमी" हा शब्द इथे फसवा आहे, कारण कमी असणं आणि रिकामं असणं यांत मोठा फरक आहे. तो ओळखायची एक सोपी परीक्षा मी करतो. असं एखादं चित्र समोर घ्या आणि त्यातली एकच गोष्ट अंगठ्याने झाका. कुंपणाच्या चित्रात रांगेचं वरचं टोक झाका, जिथे खुंट बारीक होत होत बर्फात विरतात. लगेच उतार सपाट होतो. टेकडीची उंची, अंतर, थंडी, सगळं त्या शेवटच्या चार-सहा खुंटांनी तोलून धरलेलं असतं. आता अंगठा उचलून पांढऱ्या भागावर ठेवा. तिथेही काहीतरी दुखावतं, कारण तो पांढरा भाग नसेल तर खुंटांची रांग म्हणजे नुसत्या काड्या. ज्या चित्रात कुठेही अंगठा ठेवला तरी काही बिघडत नाही, ते नुसतं रिकामं. जिथे प्रत्येक ठिकाणी बिघडतं, ते खरं कमी. गाणं ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तानपुरा एकटाच चालू असतो, गवई श्वास घेऊन थांबलेला असतो, आणि त्या क्षणी बैठकीत कुणी खोकतसुद्धा नाही. ती मोकळी जागा गाण्याचीच असते.

केन्ना स्वतः आपल्या चित्रांची तुलना हायकूशी करतो. हायकू हा जपानी कवितेचा प्रकार, सतरा अक्षरांचा, पाच-सात-पाच असा मांडलेला. कवयित्री शिरीष पैंमुळे तो मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, त्यामुळे जास्त फोड करत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि मधलं अंतर वाचणाऱ्यावर सोपवायचं, हा त्याचा स्वभाव. केन्नाच्या चित्रातही तसंच: एक बाक आणि एक समुद्र, एक पक्षी आणि बरंच आभाळ.

आता खरा प्रश्न. जग तर गच्च भरलेलं आहे. किनाऱ्यावर लाटा असतात, होड्या असतात, पिशव्या, कुत्री, माणसं असतात. मग याच्या चित्रात एवढी मोकळी जागा येते कुठून? संगणकावर पुसून टाकतो का? नाही. तो मुख्यतः तीन गोष्टींवर भिस्त ठेवतो: हवामान, उभं राहायची जागा आणि वेळ. बर्फ पडला की शेताचे बांध, वाळलं गवत, रस्त्याच्या कडेचा कचरा, सगळं झाकलं जातं. धुकं मागचे डोंगर आणि इमारती घेऊन जातं. म्हणून तो होक्काइडोला भर हिवाळ्यात जातो आणि आपण "आज उजेड नाही" म्हणून कॅमेरा बाहेर काढत नाही त्या दिवशी काम करतो. हे समजायला सोपं आहे. वेळेचं काम मात्र जरा नीट समजून घ्यावं लागतं, आणि माझ्या मते केन्नाच्या चित्रांची किल्ली तिथेच आहे.

आपण मोबाइलवर फोटो काढतो तेव्हा कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या, पाचशेव्या भागाइतकाच वेळ उजेड आत घेतो. केन्ना पुष्कळदा काही मिनिटं घेतो, आणि रात्री तर कित्येक तास. याला लाँग एक्स्पोजर म्हणतात. काय होतं त्याने? छताच्या पंख्याकडे बघा. बंद असताना तीन पाती दिसतात. पंखा पाचवर केला की पाती जातात आणि त्यांच्या आरपार छत दिसायला लागतं. पाती कुठे गेली नाहीत. एका जागी राहिली नाहीत, एवढंच. फिल्मचंही तसंच आहे. फिल्मवरचा प्रत्येक ठिपका समोरच्या एका जागेचा उजेड साठवत बसतो. त्या जागी खुंट असेल तर पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत काळोखच साठतो, म्हणून खुंट काळाभोर आणि रेखीव येतो. त्या जागी समुद्र असेल तर कधी लाटेचा पांढरा फेस, कधी दोन लाटांमधला काळा खळगा, कधी आभाळाचं प्रतिबिंब, असं सगळं एकावर एक साठत जातं आणि शेवटी एक मऊ, सायीसारखा राखाडी थर उरतो. समोरून चालत गेलेला माणूस एका जागी दोन सेकंदच असतो. चार मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये दोन सेकंद म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. तो चित्रात येतच नाही.

म्हणजे चित्रात काय राहायचं याची निवड इथे काळ करतो. जे थांबलं ते उरलं.

हे वाचून कळतं, पण स्वतः करून बघितल्यावर अंगात भिनतं. दोन वर्षांपूर्वी मी रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी हा प्रयोग केला. पाण्यात जाळी बांधायला रोवलेले सात-आठ लाकडी खुंट होते. सूर्य बुडून गेला होता. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला आणि लेन्सवर एनडी फिल्टर लावला. ही एक गडद काच असते, डोळ्यांना गॉगल तशी कॅमेऱ्याला ही. मी लावलेली काच उजेड सुमारे हजारपट कमी करते, त्यामुळे जो फोटो एरवी पाव सेकंदात झाला असता त्याला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत बरंच काही घडलं. दोन पोरं चिखलातून पळत गेली. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई समोरून गेली. मधल्या खुंटावर एक पाणकावळा येऊन बसला, पंख पसरून वाळवत राहिला आणि मिनिटभराने उडाला. फोटो उघडून बघितला तर पोरं नाहीत, बाई नाही, लाटा नाहीत. खुंट आहेत, आणि मधल्या खुंटाच्या टोकावर धुरासारखा एक डाग. पाणकावळा तेवढाच उरला होता, कारण तो तेवढाच थांबला होता. मला तो डाग फार आवडतो. पण त्या दिवसापासून केन्नाच्या चित्रातला समुद्र मला रिकामा दिसेनासा झाला. तिथे काय काय होऊन गेलं असेल, हे मनात येतंच.

माझा कॅमेरा डिजिटल. फिल्मवर हे काम आणखी अवघड, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. केन्ना बहुधा कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म वापरतो. या फिल्मच्या तक्त्याप्रमाणे उजेड मोजणाऱ्या मीटरने 10 सेकंद सांगितले तर द्यावे लागतात 50, आणि 100 सेकंद सांगितले तर द्यावे लागतात 1,200, म्हणजे 20 मिनिटं. असं का? फिल्मवर चांदीच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण असतात. एका कणावर खूण उमटायची तर त्याला थोड्या वेळात उजेडाचे अनेक कण मिळावे लागतात. एकच मिळाला आणि दुसरा यायला उशीर झाला, तर पहिल्याचं काम मोडून जातं. गळक्या घागरीत थेंब थेंब पाणी सोडण्यासारखं हे आहे. धार मोठी असेल तर घागर भरते. धार बारीक असेल तर भरण्याआधीच गळून जाते. छायाचित्रकार याला रिसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. त्यामुळे रात्रीच्या चित्रात हिशेब कागदावर राहतो आणि खरा निर्णय अनुभवाचा असतो. केन्नाने दहा-दहा तासांची एक्स्पोजरं दिली आहेत. अशा चित्रात तारे ठिपके न राहता रेघा होतात, कारण पृथ्वी तासाला 15 अंश फिरते आणि तेवढा तारा आभाळात सरकतो. दहा तासांत दीडशे अंश. आपल्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही असं आभाळ ते. कॅमेरा खोटं बोलत नसतो. आपण एवढा वेळ टक लावून बघू शकत नाही, तो बघू शकतो.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, उघडं टाकल्यावर छायाचित्रकाराला करायचं काहीच नसतं. तिथेच उभं राहायचं, थंडी सोसायची, बघायचं. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा फोटो ही घाई संपलेली असते. फिल्मच्या एका रोलवर चौकोनी चित्रं 12 येतात, आणि ती कशी आली हे घरी जाऊन रोल धुतल्याशिवाय कळत नाही.

चौकोनाचं बोलायला हवं. केन्ना 1980 च्या दशकापासून मुख्यतः हॅसलब्लाड कॅमेरा वापरतो. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरून वरून आत, एका काचेवर बघतात. मान खाली जाते. शिवाय त्या काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. ओळखीचं दृश्य उलटं झालं की डोळा "हे झाड, हे घर" असं म्हणायचं सोडतो आणि नुसते आकार बघायला लागतो: इथे काळं जड झालं, तिथे पांढरं सांडलं. आडवं चित्र बघताना नजर आपोआप डावीकडून उजवीकडे धावते, कारण आडव्यात क्षितिज मिरवतं. चौकोनाला अशी ओढ नाही. चारही बाजू सारख्या, त्यामुळे नजर फिरते आणि मध्ये येऊन बसते.

आणि रंग का नाहीत? केन्नाचं म्हणणं साधं आहे: रंग आपण दिवसभर बघतच असतो. रंग काढले की चित्र लगेच रोजच्या बघण्यापासून एक पाऊल दूर जातं. पण "कृष्णधवल" या शब्दाने एक गैरसमज होतो, की दोनच छटा. त्याच्या चांगल्या चित्रात खरी करामत राखाडीत असते. बर्फाच्या चित्रातला पांढरा एकसारखा नसतो. जमिनीवरचा बर्फ किंचित जड, आभाळ किंचित हलकं, धुक्याची कड कागदाच्या मूळ पांढऱ्याच्या जेमतेम एक पायरी खाली. धुतलेलं धोतर, दूध आणि चुना शेजारी ठेवले तर तिन्ही पांढरेच, पण आपल्याला वेगळे कळतात ना, तसं.

या पायऱ्या बांधल्या जातात डार्करूममध्ये, आणि हे शिक्षण केन्नाला मिळालं रूथ बर्नहार्डकडून. 1905 साली बर्लिनमध्ये जन्मलेली, अमेरिकेत स्थायिक झालेली ही मोठी छायाचित्रकार. मानवी देह आणि शिंपल्यांसारख्या साध्या वस्तू यांच्या कृष्णधवल चित्रांसाठी नावाजलेली. तिच्या निगेटिव्हवरून, म्हणजे धुतलेल्या फिल्मवरच्या उलट्या छटांच्या प्रतिमेवरून, प्रिंट काढून देण्याचं काम केन्नाने बरीच वर्षं केलं. निगेटिव्ह ही सुरुवात असते, चित्र प्रिंटमध्ये घडतं, हे तो तिथे शिकला. एनलार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, त्याच्या दिव्याखाली कागद ठेवायचा. जो भाग उजळ हवा त्याच्यावर हाताची सावली धरायची, जो गडद हवा तिथे बाकीचं झाकून उजेड जास्त वेळ पडू द्यायचा. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर सावलीची कड उमटते. एकाच निगेटिव्हमधून दहा स्वभावांची दहा चित्रं निघू शकतात. केन्ना आपले प्रिंट स्वतः काढतो, त्यांना हलकी सेपिया, म्हणजे तपकिरी, छटा देतो, म्हणजे कागदावरच्या चांदीचं रासायनिक रूप बदलतो. त्याने पांढऱ्याला किंचित ऊब येते आणि प्रिंटचं आयुष्यही वाढतं. जुन्या चित्रांपैकी बहुतेकांच्या 45 प्रती काढल्या.

आणि आकार? साधारण 8 इंचांचा चौकोन. म्हणजे वीतभर. आजकाल दालनांमध्ये भिंतभर छायाचित्रं लावतात. लांबूनच ती अंगावर येतात. वीतभर चित्राजवळ आपल्याला जावं लागतं, इतकं की शेजारी दुसरा माणूस उभा राहू शकत नाही. पुस्तकातली त्याची चित्रं पुष्कळदा जवळजवळ मूळ आकाराएवढीच असतात, म्हणून पुस्तकात बघणं हाही खरा अनुभव आहे. मोबाइलवर मात्र ती मरतात. आपण उजेड पूर्ण वाढवून ठेवलेला असतो, त्यात पांढऱ्याच्या पायऱ्या जळून जातात, आणि बोट पुढे सरकवायला तयारच असतं.

आता परत येणं. केन्ना त्याच जागी पुन्हा पुन्हा जातो, आणि त्याच्या चित्रांच्या नावांत "अभ्यास 1", "अभ्यास 2" असे क्रमांक असतात. होक्काइडोतल्या कुश्शारो तलावाच्या काठी एक जुना ओक वृक्ष होता, पाण्याकडे झुकलेला. 2002 मध्ये केन्नाला तो भेटला, आणि "भेटला" हेच क्रियापद योग्य आहे. त्यानंतर तो वर्षानुवर्षं त्या झाडाकडे जात राहिला. कधी तलाव गोठलेला, कधी धुकं, कधी नुसत्या फांद्या आभाळावर कोरल्यासारख्या. 2009 मध्ये झाड तोडलं गेलं; फांद्या कुणाच्या अंगावर पडतील ही भीती होती. आता त्या काठावर झाड नाही, आणि चित्रं बघताना हे माहीत असलं की बघणं बदलतं. थांबलेलं तेवढं उरतं असं मी वर म्हणालो, पण लाटांच्या मानाने थांबलेलं झाडही मोठ्या घड्याळात चालतच असतं.

इंग्लंडमधल्या रॅटक्लिफ वीजकेंद्राचंही असंच. नॉटिंगहॅमजवळचं हे कोळशावरचं केंद्र, आठ प्रचंड शीतलीकरण मनोरे असलेलं. केन्नाने त्याची चित्रं 1984 पासून जवळजवळ वीस वर्षं काढली, बरीचशी रात्री. मनोरे, वाफ, शेत, काळोख. प्रदूषणाचा निषेध करणारं किंवा यंत्राची आरती करणारं यांत काही नाही. एवढी मोठी वस्तू शेतात रात्रभर जागी असते तेव्हा कशी दिसते, ते आहे. 30 सप्टेंबर 2024 ला हे केंद्र बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशावरचं ते शेवटचं वीजकेंद्र. दीडशे वर्षांच्या एका युगाचं शेवटचं रूप या वीतभर चौकोनांत राहिलं आहे.

केन्नावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: चित्रं फार सुंदर आहेत, शांत दिवाणखान्यात लावण्यासारखी आहेत, पण त्यांत जगाचं दुःख कुठे आहे? आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्याची सलग पन्नास चित्रं बघितली तर काही ठिकाणी सवयीचा हात दिसतो. धुकं, चार खुंट, झालं. पण याच माणसाने दहा वर्षांहून जास्त काळ युरोपभर फिरून नाझी छळछावण्यांची चित्रं काढली. ती विक्रीचा माल न करता फ्रान्सच्या सरकारकडे दान म्हणून सोपवली. त्या चित्रांतही तेच व्याकरण आहे: मोकळी जागा, खुंटांची रांग, बर्फ, धुकं. फक्त इथे खुंटांना काटेरी तार आहे. हिरवळीतल्या किंवा बर्फातल्या मोकळ्या जागेकडे बघताना जो निवांतपणा वाटतो, तोच इथे छातीवर दगडासारखा बसतो, कारण इथून माणसं कशी नाहीशी झाली हे आपल्याला ठाऊक असतं. ही चित्रं बघितल्यावर कुंपणाचं साधं चित्रसुद्धा मला थोडं वेगळं दिसायला लागलं.

लोकप्रियतेची दुसरी बाजूही आहे. बर्फातलं एकटं झाड हा आता सहज नक्कल होणारा प्रकार झाला आहे. होक्काइडोतल्याच बिएई गावी, शेतात कललेला एक पॉप्लर जातीचा उंच वृक्ष होता, "तत्त्वज्ञाचं झाड" म्हणून ओळखला जाणारा. फोटो काढायला येणारे लोक वारंवार शेतात शिरत. झाडही जुनं होऊन धोक्याचं झालं होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये जमिनीच्या मालकाने ते पाडलं. शेतकऱ्याचं काय चुकलं? पेरलेल्या रानातून कुणी चालत गेलं तर आपल्याकडेही कुणी खपवून घेत नाही.

कोरियातली गोष्ट याच्या उलट. दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर वोलचॉन इथे, ओढा समुद्राला मिळतो तिथे पाण्यात वाळूच्या पट्टीवर पाइन वृक्षांची एक रांग आहे. केन्नाने 2007 मध्ये तिचं चित्र काढलं: खाली प्रतिबिंब, वर मोकळं आभाळ, मध्ये झाडांची काळी नक्षी. चित्र कोरियात इतकं गाजलं की शेजारी नैसर्गिक वायूचं साठवण केंद्र उभं राहिलं तेव्हा ही झाडं वाचवण्यात त्याचा वाटा होता, असं मानलं जातं. पुढे एका विमान कंपनीने जाहिरातीत त्याच झाडांचा दुसऱ्या कुणाचा तरी फोटो वापरला आणि केन्नाच्या बाजूने कला-दालनाने दावा लावला. सोलच्या न्यायालयाने 2014 मध्ये तो फेटाळला. निसर्गातलं दृश्य सर्वांचं. एखादी जागा निवडली म्हणून ती कुणा एकाची होत नाही. मला हा निकाल पटतो, आणि त्याने केन्नाचं काही कमीही होत नाही. झाडं सर्वांची आहेत. त्यांच्यासमोर तो जेवढा वेळ उभा राहिला, तो वेळ त्याचा आहे.

म्हणून असं चित्र बघताना मी आता एकच पथ्य पाळतो. त्याने शटर जितका वेळ उघडं ठेवलं असेल, निदान त्याच्या काही अंशाएवढा तरी वेळ चित्राला द्यायचा. पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही. मग पांढऱ्यातला दुसरा पांढरा दिसायला लागतो. मग अंतरं कळतात. मग, कधी कधी, प्रश्न पडायला लागतात.

मावशी निघायच्या आदल्या संध्याकाळी ते पुस्तक पुन्हा टेबलावर होतं. ती भाजी निवडत समोर बसली होती. मेथीची पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या. मधूनच तिची नजर त्या कुंपणावर जायची. बराच वेळ गेला. मी काही बोललो नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली बाई ती. तिच्या माहेरी अजून दोन एकरांच्या बांधावरून बोलणं होतं. हातातली जुडी खाली ठेवून तिने पान स्वतःकडे ओढलं, खुंटांच्या रांगेवरून बोट वरपर्यंत नेलं, आणि म्हणाली, "कुंपण घातलंय म्हणजे पलीकडे कुणाचं तरी रान असणार. बर्फ वितळला की काय पेरत असतील रे तिथे?"